सुभेदाराची ओढ

पौष लागला की सांगलीच्या हवेत उसाचा वास भरतो. आता तो बहुतेक कारखान्याच्या मळीचाच असतो, नाकात गेला की शिंका आणणारा. पण एखाद्या सकाळी वारा नदीकडून वळतो आणि कुठल्यातरी मागं राहिलेल्या गुऱ्हाळाचा, उकळत्या रसाचा वास थेट माझ्या व्हरांड्यात येतो. बाकीच्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. मला मात्र उठून आत जावंसं वाटतं. सुनेची समजूत अशी की सासूबाईंना गुळाचं पथ्य आहे, म्हणून वासानं चिडचिड होते. मीही ती समजूत मोडलेली नाही.

परवा अशीच उन्हाला बसले होते. समोरच्या बंगल्यातली मुलगी आपलं नवं कुत्रं फिरवायला निघाली. आठेक महिन्यांचं असेल, सोनेरी केसांचं, गळ्यात लाल पट्टा. त्याला शिकवायला एक माणूस येतो रोज सकाळी. महिनाभर आमच्या गल्लीत त्याचं ‘सिट’ आणि ‘स्टे’ चाललं होतं. मुलगी फाटकाशी थांबली आणि हौसेनं म्हणाली, “आजी, बघा ना! आता अजिबात ओढत नाही.” कुत्रं तिच्या गुडघ्याला चिकटून उभं. पट्टा सैल, मान खाली.

मी फटकन म्हणाले, “कशाला मोडलीस गं त्याची ओढ? तुझं काय खात होतं ते?”

पोर गोरीमोरी झाली. “अहो, फार जोरात ओढायचं. दोनदा पडले मी,” म्हणाली. तिचं बरोबरच होतं. रस्त्यावर एवढ्या गाड्या, कुत्रं हाताशी नको का राहायला? मी कसंनुसं हसून तिला आत बोलावलं, लाडू दिला, कुत्र्यालाही एक तुकडा दिला. ती गेल्यावर बराच वेळ स्वतःशी पुटपुटत बसले. म्हातारपणी रागाला धनी सापडत नाही, मग तो ज्याच्यात्याच्यावर निघतो. माझा राग एका सोळा वर्षांच्या पोरीवर आहे. ती मीच.

आमचं गाव कृष्णेच्या काठी, कराडच्या खालच्या अंगाला. घरात आई लवकर गेलेली. आबा, थोरला दादा, त्याची बायको म्हणजे माझी वहिनी, आणि मी. दादा पलटणीत नाईक. त्या काळी आमच्याकडं घरटी एक गडी उसाला पाणी पाजायला आणि एक लढाईला, असंच होतं. श्रावणात तो महिनाभराच्या रजेवर आला, तेव्हा येताना वाकडी वाट करून म्हसवडकडच्या एका धनगराकडून कुत्र्याचं पिलू घेऊन आला. लांब तंगड्यांचं, उंदरी रंगाचं, अंगावर मांस नाही पण डोळ्यांत नुसती घाई.

“ह्याचं नाव सुभेदार,” दादानं जाहीर केलं.

आबा म्हणाले, “आरं, तू नाईक आन् कुत्रं सुभेदार?”

“मग? घरात एक तरी वरच्या हुद्द्याचा नगं व्हय?”

वहिनी तोंडाला पदर लावून हसली. दादा तो महिनाभर पिलाला घेऊनच झोपायचा. त्याच्या ताटातली भाकरी पिलाला, आणि वहिनीच्या ताटातली दादाला, असं चाललं होतं. रजा संपली, तो पूर्वेकडच्या लढाईवर परत गेला. पिलू वेशीपर्यंत त्याच्या मागं धावलं. त्याला धरून मागं आणायचं काम माझं, आणि ते इतकं ओढत होतं की माझ्या तळव्याला दोरीचा वळ उठला.

तोवर माझं शिक्षण झालं होतं. शिक्षण म्हणजे काय, तर साताऱ्याला मावशीकडं राहून मराठी सातवी पास. पण सत्तर वर्षांपूर्वी आमच्या गावात सातवी पास मुलगी म्हणजे शिंगं फुटल्यासारखंच होतं. साताऱ्याच्या शाळेत आम्हाला एक बाई होत्या, शुद्ध भाषेच्या फार कडक. माझे निबंध परत यायचे ते लाल शाईनं रक्तबंबाळ होऊन. ‘हाय’ खोडलेलं, ‘न्हाई’ खोडलेलं, आणि सगळ्यात जास्त खोडलेलं ‘लय’. लय ऊन, लय पाऊस, लय आवडतं, लय वंगाळ. आमच्याकडं ‘लय’ नसलं तर वाक्य उठून उभंच राहत नाही. बाई म्हणायच्या, “कुसुम, ‘लय’ हा शब्द नव्हे. ती खोड आहे. काढून टाक, वाक्याचं काहीही बिघडत नाही.” मी काढून टाकला. दोन वर्षांत इतका काढला की कुणी ‘लय’ म्हणालं की माझ्या कानापाशी लाल रेघ ओढली जायची. गावी परत आले ती नाक वर करूनच. आबा कौतुकानं मला मास्तरीण म्हणायचे आणि मला त्यात थट्टा दिसायची नाही.

त्या वर्षी गुऱ्हाळ मार्गशीर्षाच्या शेवटी लागलं. मळ्याच्या कडेला घाणा, त्याला बैलांची जोडी गोल फिरतेय, शेजारी चुलवणावर रस उकळायची ही एवढी काहील. पहाटेच्या थंडीत सगळं गाव चुलवणाच्या उबेला गोळा व्हायचं. वाळल्या चिपाडांचा जाळ, वर पांढरी वाफ, गुळव्याच्या हातातलं लांब दांड्याचं फावडं. घाण्याच्या बैलांची तारीफ चालायची: “डाव्या बैलाला काय वढ हाय राव!” बैलाच्या अंगी ओढ असणं हा केवढा मोठा गुण. कुणाला सोयरीक सांगतानासुद्धा पोराची अशी स्तुती होत नसे. सुभेदारही तोवर पाच-सहा महिन्यांचा होऊन हरणासारखा उंच झाला होता आणि सगळं रान पालथं घालायचा. काकवीच्या नुसत्या वासानं तो काहिलीकडं असा ओढ घ्यायचा, की दोरी धरणारा चिपाडांवर आडवा.

आणि पत्र आलं.

लष्करी दवाखान्यातून आलं होतं. आबांनी पाकीट फोडलं. अक्षर दादाचं नव्हतं. कुणा जोडीदाराकडून लिहून घेतलं होतं, आणि त्या बहाद्दरानं दादा बोलला तसंच्या तसं कागदावर उतरवलं होतं: डोक्याला जरा लागलंय, बरं हाय, काळजी करू नका, शिमग्याच्या आगंमागं घरी धाडत्यात. आणि शेवटी माझ्यासाठी दोन ओळी. त्या मला आजही तोंडपाठ आहेत. ‘कुसीला सांगा, सुभेदाराला दोरीनं चालाय शिकव. लय वढू देऊ नगं.’

पत्र मोठ्यानं वाचायचं काम माझं. सगळे ओसरीवर बसलेले, वहिनी दाराआड. मी घसा साफ केला आणि ते पत्र शुद्ध करत वाचत गेले. हो, शुद्ध करत! त्या गावंढळ मजकुराची मला लाज वाटली. ‘हाय’चं ‘आहे’ केलं, ‘धाडत्यात’चं ‘पाठवतील’ केलं, आणि शेवटी म्हटलं, “सुभेदाराला दोरीने चालायला शिकव. ओढू देऊ नकोस.”

वहिनी दाराआडून म्हणाली, “वन्सं, पुन्यांदा वाचा की.”

मी पुन्हा वाचलं. पुन्हा तसंच.

“ह्यात त्येंचा आवाजच येत न्हाई,” ती हळूच म्हणाली.

मला राग आला. जिला ‘ग’ की ‘म’ कळत नाही तिनं मला सांगावं! मी म्हटलं, “पत्राला आवाज नसतो वहिनी, अर्थ असतो.” वहिनीनं पत्र मागून घेतलं, कपाळाला लावलं, आणि आपल्या पेटीत ठेवून दिलं.

अर्थ मला पक्का समजला होता. छावणीतले गोरे साहेब कसे कुत्रं घेऊन फिरतात, शिट्टी वाजवत, कुत्रं पायाशी, हे दादानं रजेत सांगितलं होतं. स्वारीला आता गावातून तशी ऐट मारायची असणार. मग काय! दादानं मला कधी काही मागितलं नव्हतं. मी पदर खोचला.

सुरुवात मी बरी केली होती, हे आज कुत्रं शिकवणाऱ्या त्या माणसाकडं पाहून कळतं. तागाची दोरी घ्यायची, सुभेदारानं ओढ घेतली की खांबासारखं उभं राहायचं. तो वळून बघेपर्यंत हलायचं नाही. दोरी सैल झाली की गुळाचा खडा, आणि पुढं चालायचं. दिवसभरात घरापासून पिंपळापर्यंतसुद्धा पोचायचो नाही. गुऱ्हाळावरची माणसं हसायची. “मास्तरीणबाई, आज पिंपळ गाठनार का उद्या?” पण चार दिवसांत त्याला उमगायला लागलं होतं. दोरी हलकीशी ताणून, मागं माझ्याकडं एक डोळा ठेवून तो पुढं चालायचा. तेवढ्यावर थांबले असते तर! नेमकं तेवढंच तर दादाला हवं होतं. पण मी पडले पहिल्या नंबरची विद्यार्थिनी. पत्रात ‘ओढू देऊ नकोस’ होतं, म्हणजे मीच वाचलं तसं होतं, आणि दोरी जराही ताणलेली मला खपत नव्हती.

पाचव्या दिवशी समोरून मांजर गेलं. सुभेदार उडाला, मी पालथी पडले, हनुवटी फुटली, आणि अख्खं गुऱ्हाळ हसलं. त्या हसण्याचा राग मी कुणावर काढला?

आमच्याकडं ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं घालतात. हातभर लाकडी ओंडका दोरीनं असा लोंबता बांधायचा, की जनावर पळायला गेलं की तो पुढच्या गुडघ्यांवर आदळतो. दुसऱ्याच्या पिकात शिरणाऱ्या गाईला ते औषध. आता ओढाळ म्हणजे भटकं, ओढणारं नव्हे. एवढा फरक सातवी पास मुलीला कळायला हरकत नव्हती. पण डोक्यात सणक होती. गोठ्यातलं जुनं लोढणं काढलं आणि कुऱ्हाडीनं अर्धं केलं.

आबा म्हणाले, “आगं, कुत्र्याला कुनी लोढनं घालतं व्हय? त्ये काय ढोर हाय?”

“दादानं सांगितलंय, ओढू द्यायचं नाही म्हणून,” मी म्हटलं. दादाचं नाव आलं की आबांना पुढं बोलता यायचं नाही.

आठ दिवस घातलं. त्याला वाटायचं, मीच गुडघ्यांवर मारतेय. पहिल्या दिवशी तो कळवळून माझ्याकडंच धावत आला, आणि धावला म्हणून पुन्हा लागलं. तिसऱ्या दिवशी गुडघ्यांची साल गेली. वहिनी हळद-तेल लावायची. एकदा म्हणाली, “वन्सं, आता बास की.” मी म्हटलं, “उद्यापासून काढते.” उद्याचे आणखी तीन दिवस झाले.

नवव्या दिवशी लोढणं काढलं तेव्हा सुभेदार शिकला होता. इतका शिकला होता, की दोरी गळ्यात पडली की मान खाली घालून माझ्या टाचेशी चालायचा. दोरी चुकून ताणली गेली की जागच्या जागी बसून घ्यायचा आणि डोळे मिटायचा. दोरी सोडली की तो पूर्वीसारखाच वारा. दोरी बांधली की पुतळा. मी त्याला गावातून मिरवला. गुऱ्हाळावर नेला, काहिलीच्या अगदी कडेनं फिरवला. काकवी उकळतेय, आणि हा तिकडं बघेनासुद्धा. गुळव्यानं फावडं थांबवलं आणि ओरडला, “आयला, पोरीनं कुत्र्याची गाय केली की रं!”

मला ती शाबासकी वाटली. रात्री अंथरुणावर ती आठवून मी हसले होते.

दादा आला तो फाल्गुनात, गुऱ्हाळाच्या शेवटच्या आठवड्यात. कराड स्टेशनवर आबा बैलगाडी घेऊन गेले. मी आणि सुभेदार गाडीत. सुभेदाराच्या गळ्यात मी नवी दोरी बांधली होती, तिला लाल गोंडा लावला होता. आगगाडी थांबली, दादा उतरला. पलटणीचा डगला, डोळ्यांवर काळा चष्मा. शेजारी एक शिपाई त्याचं कोपर धरून उभा.

आबा हरखून म्हणाले, “आरं लेका, पार सायेब झालास की!”

दादानं आवाजाच्या दिशेनं हात पुढं केला. तो आबांच्या कानाशेजारून हवेत गेला.

मग सगळं कळलं. गोळा फुटला होता, दोन्ही डोळे गेले होते. पत्रात लिहिलं नाही, कारण आबांना कळलं तर ते हाय खातील, तोंडानंच सांगू. आबांनी फलाटावरच डोक्याचा पटका काढून तोंडाला लावला. सुभेदारानं मात्र दादाला ओळखलं. त्याच्या पायांत घुटमळला, कूं कूं करत हात चाटले. दादा खाली बसला, त्याच्या तोंडावरून, छातीवरून, पायांवरून हात फिरवला आणि कित्येक महिन्यांनी हसावं तसा हसला. “केवढा झाला रं! कुसे, शिकवलंस न्हवं ह्याला?”

“शिकवलं,” मी म्हटलं.

“आन दोरी हिकडं. दवाखान्यात एक गोरा व्हता, डोळं बांधल्याला, जोडीदार सांगायचा मला. त्याचं कुत्रं त्याला बागंतनं फिरवून आनायचं. पुढं चालायचं, आन् दोरी अशी हातात जराशी ताठ. तवाच म्हनलं, आपला सुभेदार हाय की! मानसाच्या खांद्यावर हात ठिवून जलमभर कोन चालंल? गाडीपातुर ह्योच न्हील मला.” त्यानं दोरी मुठीला गुंडाळली. “चल सुभेदार!”

सुभेदार त्याच्या टाचेशी जाऊन उभा राहिला. मान खाली.

दादानं एक पाऊल टाकलं, त्यानंही एक टाकलं. दादा थांबला, तो थांबला. “आरं, चल की. वढ!” दादानं दोरीला हिसका दिला. दोरी ताणली गेली, आणि सुभेदार खाली बसला. डोळे मिटून.

“ह्यो बसला का गं?” दादानं विचारलं. “म्या सांगितलं व्हतं तसं शिकवलंस न्हवं? लय वढलं तर म्या पडंन, पर थोडी वढ पायजे. त्याबिगार मला वाट कळायची कशी?”

त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर तो कागद उभा राहिला. ‘लय वढू देऊ नगं.’ त्या ‘लय’मध्ये दादानं आपल्या चालण्याचं सगळं माप घातलं होतं. आणि मी ते खोड म्हणून खोडलं.

बोलायची वेळ हीच होती. दोन शब्द, ‘दादा, चुकलं.’ दादानं क्षमा केली असती की नसती, ते पुढचं. पण मी काय बोलले? मी म्हटलं, “शिकवलं रे मी. पण ते मुळातच भित्रं निघालं.”

कुत्र्यानं काही म्हटलं नाही. ते काय म्हणणार.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी सुभेदाराला पुन्हा ओढायला शिकवत होते, चोरून, मळ्याच्या पलीकडं. शिकवलेलं विसरवणं किती अवघड असतं, हे मी पुढं आयुष्यभर शाळेत पाहिलं. पहिला धडा तिथला. गुळाचा खडा घेऊन पुढं पळायची, हाका मारायची, त्याच्यापुढं स्वतः रांगायची. तो दोरीच्या टोकापर्यंत यायचा, दोरी ताठ व्हायला लागली की थरथरायचा, जिभेनं ओठ चाटायचा, आणि बसायचा. मी रडायला लागले की येऊन माझे गाल चाटायचा. मला वाटायचं, ह्यानं एकदा मला चावावं.

वहिनीला सगळं दिसत होतं. लोढणं तिनं पाहिलं होतं, गुडघे तिनंच शेकले होते. एक दिवस भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणाली, “वन्सं, तुमी सांगनार का म्या सांगू?”

“मी सांगते,” मी म्हटलं.

“तुमीच सांगा. माज्या तोंडून गेलं तर त्येंना बहिनीचं दुःख व्हईल,” ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

मी त्या दिवशी सांगणार होते. खरंच सांगणार होते. दुपारी दादा हट्टानं एकटा निघाला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात दोरी, मळ्याच्या वाटेनं. मी लांबून बांधावरून चालत होते, आज गाठून बोलायचंच म्हणून. वाटेत पाण्याचा पाट आडवा जातो. सुभेदार टाचेशी होता. पुढं असता तर पाटाच्या कडेनं वळला असता. दादाचा पाय हवेत पडला आणि तो तोंडावर चिखलात गेला. उठला तो कपाळाला रक्त, तोंडात माती. आणि जन्मात कुणावर हात न उगारलेला माझा दादा काठी घेऊन कुत्र्यावर तुटून पडला. “बेन्या! भित्र्या! तुझ्या भरवशावर आलो का रं म्या?”

सुभेदार पळू शकला असता. दोरी दादाच्या हातातून कधीच सुटली होती, पण ती दगडात अडकून ताणली गेली होती. दोरी ताठ, म्हणजे बसायचं. तो बसला. डोळे मिटून बसला आणि मार खाल्ला.

मी बांधावर उभी. शंभर पावलांवर. घशापर्यंत आलेली हाक गिळून उभी. मळ्यातून वहिनी धावत आली आणि तिनं काठी धरली.

त्या दिवसापासून दादानं दोरी हातात घेतली नाही. तो वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागला, आणि ते त्याला आवडत नसल्यामुळं चालणंच कमी करत गेला. ओसरी, अंगण, फार तर गुऱ्हाळ. पंचविशीचा गडी, एकटा विहिरीवर जाऊन अंघोळ करावी एवढंच त्याचं मागणं होतं. सुभेदार त्याच्या बाजेखाली पडून असायचा. दादा त्याला कुरवाळायचा आणि आल्या-गेल्याला सांगायचा, “मायाळू हाय, पर काळीज न्हाई त्याला. धनगरानं फशिवलं मला.” मी ते ऐकायची आणि आत निघून जायची. पुढं मला सांगलीला मुलींच्या शाळेत नोकरी लागली. मुलींच्या निबंधातलं ‘लय’ मी कधी खोडलं नाही. बाकीच्या बाया मला नावं ठेवायच्या. पण त्यानं काय होतंय? हे म्हणजे बुडालेल्याच्या नावानं दुसऱ्याला पोहायला शिकवणं.

चार वर्षांनी सुभेदार पावसाळ्यात मेला. कसलासा आजार झाला, दोन दिवसांत आटोपलं. वहिनीनं तिच्या भाच्याकडून पत्र लिहवून धाडलं. मला रडू आलं, आणि खरं सांगते, रडण्याच्या तळाशी थोडं हलकंही वाटलं. साक्षीदार गेला. ते हलकं वाटणं माझ्या इतकं जिव्हारी लागलं, की त्या हिवाळ्यात सुट्टी काढून मी गावी गेले.

गुऱ्हाळ चालू होतं. सकाळची वेळ, दादा चुलवणापासून थोड्या अंतरावर घोंगड्यावर बसला होता. वहिनी पलीकडं, उसाच्या राशीपाशी, बायकांत. मी दादाशेजारी बसले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. पत्र, ‘लय’, लोढणं, फलाटावरचं खोटं. पाटापाशी मी बांधावर होते, तेही सांगितलं.

दादानं हाताशी पडलेलं चिपाड उचलून मोडलं. मग म्हणाला, “त्या दिसी म्या त्याला किती मारलं गं? मला ध्यानात न्हाई.”

“पाच-सहा काठ्या.”

“त्यानं तर ऐकल्यालं व्हतं. शिकवलं तसंच केलं त्यानं.” त्याचा आवाज फुटला. “म्या जलमभर त्याला भित्रं म्हनलं. तू एक हाक मारली असतीस, तर काठी टाकली असती म्या. का न्हाई मारलीस?”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

गुळव्यानं हाक दिली, काहील उतरायला आली, बाजूला व्हा. दादाला उठायचं होतं. मी चटकन उठले आणि त्याच्यापुढं हात केला, अगदी त्याच्या हाताशी. तो तसाच बसून राहिला. मग तोंड पलीकडं वळवून त्यानं वहिनीला हाक मारली, “अगं, हिकडं ये. हात दे जरा.” ती उसाच्या राशीला वळसा घालून येईपर्यंत माझा हात तसाच पुढं होता.

त्यानंतर दादा माझ्याशी कधी वाकडं बोलला नाही. दर भाऊबीजेला ओवाळून घेतलं, माझ्या पोरांना मांडीवर खेळवलं. त्या सकाळी त्याला माझा हात दिसणं शक्यच नव्हतं, असं मी स्वतःला इतकी वर्षं समजावत आले. पण माझ्या हातात काचेच्या बांगड्या होत्या, आणि हात पुढं करताना त्या वाजल्या होत्या.